पाटीलबाबांची कवाइती फौज
(महादजी शिंदे यांचे चरित्र)



इतिहासाच्या तासाला एक प्रश्न नेहमी निघतो. भारतात इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं, मग फ्रेंच लढाईत कच्चे होते का? आणि कच्चे होते, तर आपल्या मोठमोठ्या सरदारांनी आपली फौज शिकवायला फ्रेंच माणसं पगार देऊन का ठेवली? या प्रश्नाचं उत्तर महादजी शिंदे यांच्या चरित्रात सापडतं. लोक त्यांना प्रेमानं पाटीलबाबा म्हणत. ते स्वतःही आपल्याला पाटील म्हणवून घेत.

बालपण आणि घराणे

शिंदे घराणं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेड गावचं. महादजींचे वडील राणोजी शिंदे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. सुरुवातीला ते पेशव्यांचे जोडे सांभाळत, अशी गोष्ट सांगतात. पुढं स्वतःच्या पराक्रमावर ते मोठे सरदार झाले. महादजींचा जन्म १७३० च्या सुमाराचा. ते धाकटे. वडील भाऊ कर्तबगार होते, म्हणून लहानपणी महादजींकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. पण ह्या घरानं फार सोसलं. थोरले जयाप्पा १७५५ साली मारवाडात नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर लढता लढता पडले. पुतण्या जनकोजी आणि भाऊ तुकोजी पानिपतानं नेले. शेवटी घर सांभाळायला उरले एकटे महादजी.

फ्रेंचांचे नाव कसे झाले?

आता थोडं मागं जाऊ. १७४६ साली मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी एक लढाई झाली. एका बाजूला अर्काटच्या नवाबाची सुमारे १० हजारांची फौज. दुसऱ्या बाजूला फ्रेंचांची जेमतेम हजार माणसं, आणि त्यांतही निम्म्याहून जास्त आपल्याच देशातले शिपाई. तरी फ्रेंच जिंकले! कसे? ते रांगेत उभे राहत, हुकूम झाला की सगळे एकदम बंदुका झाडत, पुन्हा भरत, पुन्हा झाडत. हजार माणसं एकाच माणसासारखी वागत. पलीकडे मात्र दहा हजार माणसं दहा हजार मनांनी लढत होती.

तेव्हापासून सगळ्या हिंदुस्थानात फ्रेंचांच्या कवायतीचं नाव झालं. पाँडिचेरीचा डुप्ले आणि त्याचा सेनापती बुसी यांचा दरारा बसला. बुसी पुढं हैदराबादच्या निजामाकडं राहिला. १७५१ साली चंद्रग्रहणाच्या रात्री त्यानं पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला आणि मराठ्यांना या नव्या पद्धतीचा चटका बसला.

बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या शिपायांना गारदी म्हणत. हा शब्द फ्रेंच भाषेतल्या गार्द, म्हणजे पहारा, या शब्दावरून आला, बरं का! नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या गोष्टीत आपण गारद्यांचं नाव ऐकलेलं असतंच. त्या गारद्यांपैकीच इब्राहिमखान गारदी हा पुढं पेशव्यांच्या चाकरीत आला.

पानिपतचा धडा

१४ जानेवारी १७६१. पानिपतच्या मैदानावर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी सकाळी रोहिल्यांची फळी पार मोडून काढली. पण आपले काही घोडेस्वार सरदार ठरलेला बेत सोडून मध्येच पुढं घुसले. मग गारद्यांना तोफा आणि बंदुका चालवता येईनात, कारण समोर आपलीच माणसं! शेवटी गारदी मोठ्या संख्येनं कापले गेले. इब्राहिमखान घायाळ होऊन शत्रूच्या हाती सापडला. त्यानं धन्याशी बेइमानी केली नव्हती. त्याला ठार मारण्यात आलं.

महादजी तेव्हा तिशीचे होते. पराभवानंतर ते घोड्यावरून निघाले, पण एका अफगाण स्वारानं कितीतरी कोस त्यांचा पाठलाग केला. शेवटी त्यांना गाठून त्यानं पायावर घाव घातला आणि तो त्यांना मेलेलं समजून निघून गेला. महादजी रस्त्याच्या कडेला पडले होते. तिथून राणेखान नावाचा पखाल वाहणारा भिस्ती चालला होता. त्यानं त्यांना उचलून आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेकडं सुखरूप आणलं. महादजी जन्माचे लंगडे झाले, पण जगले. राणेखानाला त्यांनी आयुष्यभर भाऊ मानलं आणि मोठ्या सरदारकीवर बसवलं. उपकार विसरायचे नाहीत, हा पाटीलबाबांचा पहिला गुण.

दुसरा गुण असा, की हार झाली म्हणून ते नुसते रडत बसले नाहीत. आपण का हरलो याचा त्यांनी विचार केला. नुसतं शौर्य पुरत नाही, सगळ्यांनी एका हुकुमात राहिलं पाहिजे, हे पानिपतानं दाखवून दिलं होतं.

गंमत पाहा. ज्या आठवड्यात मराठे पानिपतावर हरले, त्याच आठवड्यात फ्रेंचांची पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. म्हणजे फ्रेंचांचं राज्य गेलं, पण त्यांनी शिकवलेली विद्या मात्र देशात राहिली.

आपल्या ठाणे-कल्याणात काय चाललं होतं?

१७६८ साली महादजींना शिंद्यांची सरदारकी मिळाली. तीन वर्षांनी, १७७१ साली, मराठ्यांनी पुन्हा दिल्ली घेतली. १७७२ च्या आरंभी बादशहा शहाआलम याला त्यांनी त्याच्या गादीवर आणून बसवलं.

इकडे कोकणात वेगळंच संकट आलं. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आज जिथं ठाण्याचं कारागृह आहे, तोच हा किल्ला. १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच वकील चौल बंदरात उतरून पुण्याला आला. नाना फडणिसांनी त्याला मोठ्या मानानं ठेवून घेतलं. झालं! मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मराठे आणि फ्रेंच एक झाले तर आपलं कसं होणार? फ्रेंच फौज आली नव्हती, एक तोफही आली नव्हती, तरी फ्रेंचांच्या नावानंच इंग्रज दचकले. लढाई पेटायला जी कारणं झाली त्यांत हे एक होतं. नाव मोठं असलं की ते असं काम करतं.

इंग्रजांची सुमारे ४ हजारांची फौज पनवेलवरून बोरघाट चढून वर गेली. कार्ल्याजवळ त्यांचा शूर कप्तान स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं पडला. आपल्या लोकांनी त्या शत्रूचंही कौतुक करून त्याला इष्टुर फाकडा असं नाव दिलं होतं. जानेवारी १७७९ मध्ये महादजी आणि इतर सरदारांनी इंग्रजांना तळेगावाहून मागं रेटलं, वडगावात कोंडलं आणि तह करायला भाग पाडलं. मराठ्यांचा हा फार मोठा विजय! पण हरून मागं जाणाऱ्या इंग्रज पलटणीही रांग न मोडता लढत होत्या, हे महादजींनी बारकाईनं पाहिलं.

लढाई तिथं थांबली नाही. मे १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतलं. मलंगगडालाही त्यांनी वेढा घातला. कल्याण परत घेण्यासाठी मराठे घाट उतरून आले, पण जमलं नाही. डिसेंबर १७८० मध्ये वज्रेश्वरीजवळ दुगाड इथं मोठी लढाई झाली आणि मराठ्यांचे सेनापती रामचंद्र गणेश तिथं पडले. त्यांच्या बाजूचा तोफखान्याचा पोर्तुगीज अंमलदार नरोन्हा हाही जखमी झाला. आपल्यापैकी बरेच जण वज्रेश्वरीच्या जत्रेला जातात. त्या वाटेवर आपल्या माणसांचं रक्त सांडलेलं आहे, हे लक्षात ठेवावं.

शेवटी १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीनं सालबाईचा तह झाला. वसई आणि कल्याण परत मिळालं. पण ठाण्यासह साष्टी बेट इंग्रजांकडेच राहिलं. म्हणजे काही वर्षं खाडीच्या अलीकडं मराठे आणि पलीकडं इंग्रज, अशी आपल्या भागाची स्थिती होती.

द बॉयन कोण होता?

आता महादजींनी ठरवलं, आपलीही कवाइती फौज पाहिजे. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या माणसाचं नाव बेन्वा द बॉयन. त्याचा जन्म १७५१ साली सॅव्हॉय प्रांतातल्या चांबेरी गावात झाला. हा प्रांत तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता, १८६० साली कायमचा फ्रान्सला जोडला गेला. पण तिथली भाषा फ्रेंच, आणि द बॉयन शिपाईगिरी शिकला तोही फ्रान्सच्या राजाच्या फौजेत. पुढं तो रशियाच्या चाकरीत गेला, तुर्कांच्या कैदेत पडला, सुटला आणि १७७८ साली मद्रासला येऊन पोहोचला.

महादजींनी गोहदच्या राण्याला वेढलं होतं. तेव्हा ह्याच द बॉयननं राण्याला मदत करण्याचा बेत आखला होता, असं सांगतात. म्हणजे तो महादजींच्या विरुद्ध लढायला निघाला होता! दुसरा कोणी असता तर रागावला असता. पाटीलबाबांनी विचार केला, ज्याच्या डोक्यात असा बेत येतो तो माणूस कामाचा आहे. १७८४ साली त्यांनी त्याला आपल्याच चाकरीत घेतलं. शत्रूच्या अंगचा गुण ओळखणं, हा त्यांचा तिसरा गुण.

पगार आणि शिस्त

द बॉयननं आधी दोनच पलटणी उभ्या केल्या. जुलै १७८७ मध्ये राजस्थानात लालसोट इथं लढाई झाली. त्या वेळी महादजींकडं बादशाही फौजेतल्या पुष्कळ पलटणी होत्या. त्यांचे पगार महिनोन् महिने थकले होते. त्या ऐन वेळी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या! द बॉयनच्या पलटणी मात्र जागच्या हलल्या नाहीत. महादजींना माघार घ्यावी लागली, पण पगार थकला की फौज फुटते हे त्यांना पक्कं कळलं.

त्याच्या पुढच्याच वर्षी गुलाम कादर नावाच्या रोहिल्यानं दिल्लीत घुसून म्हाताऱ्या शहाआलम बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेनं दिल्ली घेतली, आंधळ्या बादशहाला सोडवलं आणि गुलाम कादरला पकडून देहान्त शिक्षा दिली. ह्या मोहिमेत पुढारी कोण होता? तोच राणेखान, पूर्वीचा भिस्ती!

मध्यंतरी द बॉयन चाकरी सोडून लखनौला व्यापार करायला गेला होता. १७९० साली महादजींनी त्याला परत बोलावलं आणि मोठा कंपू उभा करायला सांगितलं. कंपू म्हणजे पायदळाच्या पलटणी, तोफा, थोडे स्वार, दारूगोळा, बैलगाड्या असं सगळं मिळून केलेलं दळ. अलीगडला त्याचं ठाणं झालं. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे या फौजेच्या पगारासाठी गंगा-यमुनेच्या मधला सुपीक मुलूख वेगळा तोडून दिला. त्याचा वसूल दुसरीकडं वळवायचा नाही, असं ठरलं. पूर्वी शिपाई पगारासाठी सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. इथं पगार वेळेवर मिळे. जखमी झालेल्या शिपायाच्या पोटाचीही सोय केली जाई. मग तो शिपाई जीव तोडून का लढणार नाही?

१७९० साली जून महिन्यात पाटण आणि सप्टेंबरात मेडता अशा दोन मोठ्या लढाया राजस्थानात झाल्या. मेडत्याला राठोडांचे घोडेस्वार वाऱ्यासारखे चालून आले. द बॉयनच्या शिपायांनी चौकोन केला. म्हणजे चारी बाजूंना तोंडं करून, संगिनी बाहेर रोखून उभे राहिले. राठोड पुन्हा पुन्हा येऊन आदळले, पण चौकोन फुटला नाही. राठोडांचं शौर्य काही कमी नव्हतं, उलट त्यांच्या शौर्याला तोड नव्हती. पण शिस्तीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

पुढं असे तीन कंपू झाले. फौज वीस हजारांच्या आसपास गेली. तिच्यात अंमलदार युरोपातल्या नाना देशांचे होते, फ्रेंच, इंग्रज, स्कॉटिश, इटालियन. शिपाई मात्र सगळे आपल्याच देशातले, शेतकऱ्यांचीच पोरं.

पुण्यातला प्रसंग

जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले. बादशहानं पेशव्यांना दिलेली वकील-इ-मुतलक ही सर्वांत मोठी पदवी त्यांनी मोठा दरबार भरवून सवाई माधवरावांना अर्पण केली. त्या वेळी हिंदुस्थानात महादजींएवढा बलवान सरदार दुसरा नव्हता. तरी दरबारात ते सगळ्यांच्या खाली जाऊन बसले. आणलेलं गाठोडं सोडून त्यातून पेशव्यांसाठी नवे जोडे काढले आणि हेच आमच्या घराण्याचं काम, अशा भावनेनं ते पुढं ठेवले. वडिलांची जागा ते विसरले नव्हते.

दुःखाची गोष्ट

इथं एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. शिंद्यांची कवाइती फौज बघून होळकरांनीही दुद्रनेक नावाचा फ्रेंच अंमलदार ठेवला. १७९३ साली राजस्थानात लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. दोन्हीकडं मराठे, दोन्हीकडं फ्रेंच पद्धतीच्या पलटणी! शिंदे जिंकले. पण खरं पाहिलं तर मराठेच मराठ्यांशी लढले आणि मराठेच हरले. एवढ्या खर्चानं मिळवलेली विद्या आपसात खर्ची पडली.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. तिथं शिंद्यांची छत्री आहे. सहलीला गेलात तर जरूर पाहा.

पुढे काय झाले?

महादजींना मुलगा नव्हता. भाऊ तुकोजीचा नातू दौलतराव गादीवर आला. तो वयानं अगदी लहान होता. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. तिथंही शिंद्यांकडं पेराँ नावाचा फ्रेंच होता, आणि निजामाकडं रेमाँ नावाचा फ्रेंच! त्याच सुमारास द बॉयन आजारी पडून मायदेशी गेला. त्याच्या जागी पेराँ आला.

१८०३ साली इंग्रजांशी लढाई जुंपली. पेराँ ऐन वेळी फौज सोडून इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. आणखी कितीतरी गोरे अंमलदार निघून गेले. सेनापतींवाचून फौज उघडी पडली. तरी शिपाई पळाले नाहीत. २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यात असईला त्यांनी इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मारली किंवा जखमी केली. तिथला इंग्रज सेनापती वेलस्ली. ह्यानंच पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी आपल्या आयुष्यातल्या कठीण लढायांत तो असईला फार वर मानत असे. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर कवाइती पलटणी तोफांजवळ उभ्या राहून शेवटपर्यंत लढल्या. शत्रूच्या सेनापतीनंही त्यांची तारीफ केली. शिकवणारे निघून गेले, पण शिकलेले उभे राहिले!

पुढच्या तहात इंग्रजांनी शिंद्यांकडून लिहून घेतलं, की फ्रेंच माणूस पदरी ठेवायचा नाही. इतकी त्यांना धास्ती होती.

बोध

तर मित्रांनो, फ्रेंच लढाईत शूर की कच्चे? त्यांच्या देशाचा इतिहास पाहिला तर दोन्ही दिसतं. १४१५ साली इंग्रजांनी त्यांना आजिंकूरला हरवलं. १४२९ साली जोन नावाच्या खेड्यातल्या मुलीनं त्यांना पुन्हा उभं केलं. नेपोलियननं सगळा युरोप हादरवला, १८७० साली प्रशियानं त्यांना नमवलं. १९१६ साली व्हर्दूनला त्यांनी दहा महिने शत्रूला रोखून धरलं, आणि १९४० साली सहा आठवड्यांत त्यांचा देश पडला. माणसं तीच, देश तोच. म्हणजे शौर्य काही कोणत्या जातीच्या, देशाच्या किंवा रंगाच्या रक्तात नसतं. जिथं शिस्त आहे, कष्टाचा मोबदला वेळेवर मिळतो आणि पुढाऱ्यावर विश्वास आहे, तिथं साधा शेतकऱ्याचा मुलगाही पहाडासारखा उभा राहतो. यांपैकी एक जरी गेलं तरी मोठं नाव मातीत जातं.

पाटीलबाबांनी परक्याकडून विद्या घेतली, त्यात कमीपणा मानला नाही. पण अंमलदार घडवायचं काम मात्र परक्यांच्याच हाती राहिलं, आणि पुढं त्याचा फटका बसला. विद्या कुठूनही घ्यावी, पण ती आपली होईपर्यंत घोटावी.

चांबेरी गावात १८३८ साली उभारलेलं द बॉयनचं स्मारक आजही आहे. त्यावर चार ओतीव लोखंडी हत्ती आहेत आणि त्यांच्या सोंडांतून पाणी पडतं. हत्तींचा फक्त पुढचा भाग आहे, मागचा नाहीच, म्हणून तिथली मुलं हसतात म्हणे! ते हत्ती आपल्या देशातले. त्या माणसाला मोठं केलं ते कण्हेरखेडच्या एका लंगड्या पाटलानं आणि नाव-गाव कुठं लिहून न ठेवलेल्या हजारो शिपायांनी.

सोमवारी मैदानावर कवायत असते तेव्हा आपल्यातले काही जण रांग मोडून हसत उभे असतात. त्यांनी हा लेख पुन्हा एकदा वाचावा!